रविवारनंतर सोमवारच का?

प्रश्न : वारांची नावं ग्रहांवरून आली हे ठाऊक आहे. पण रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा क्रम अंतराचाही नाही आणि तेजाचाही नाही. मग तो ठरवला कसा? आणि आठवडा सात दिवसांचाच का?

उत्तर : सातचं आधी सांगून टाकतो. नुसत्या डोळ्यांनी तारकांमधून सरकताना दिसणारे गोल सातच : सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह. ज्यू परंपरेतही सात दिवसांची मोजणी फार जुनी आहे, पण तिथे ग्रहांची नावं नाहीत. रोमन काळात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

क्रमाची गंमत मात्र खरी मोठी. आकाशदर्शनाच्या वर्गात हा प्रश्न निघाला की मी सगळ्यांना कागद-पेन्सिल घ्यायला लावतो. तुम्हीही घ्या. जुन्या ज्योतिर्विदांच्या क्रमाने, सगळ्यात संथ गोलापासून सुरुवात करून नावं लिहा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला आकाशाची फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, चंद्राला सव्वासत्तावीस दिवसांच्या आसपास.

आता दिवसाचे 24 होरे (होरा म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग, एक तास) धरा आणि एकेक होरा या क्रमाने वाटत चला. पहिला शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा. सात झाले की पुन्हा शनी. म्हणजे 8 वा, 15 वा आणि 22 वा होराही शनीचाच. 23 वा गुरूचा, 24 वा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा येतो रवीकडे. ज्याचा पहिला होरा, त्याचा वार. म्हणून शनिवारनंतर रविवार! पुढे मोजलंत तर रवीनंतर चंद्र, मग मंगळ, मग बुध असे वार आपोआप पडत जातात. 24 ला 7 ने भागून बाकी 3 उरते, एवढंच त्यामागचं गणित. आर्यभटाने तेच सांगितलंय : या क्रमातला दर चौथा (सुरुवातीचा गोल धरून) पुढच्या दिवसाचा स्वामी. मला तर हे गणितातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

इटलीतलं पॉम्पेई हे रोमन शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी खरडलेली वारांची यादी सापडली आहे आणि ती शनीपासूनच सुरू होते. आपल्याकडे वाराचा जुना कोरीव उल्लेख म्हणजे मध्य प्रदेशातल्या एरणचा, गुप्त घराण्यातल्या बुधगुप्त राजाचा स्तंभलेख, इसवी सन 484 चा. त्यात आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार नोंदलेला आहे.

दिवस, महिना, वर्ष यांना आकाशाचा आधार आहे. आठवड्याला तसा नाही, तो माणसाने बसवलेला. तरी तो मोडता मोडत नाही. 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा तारखा गाळल्या तेव्हा 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. फ्रेंच राज्यक्रांतीने 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी मिळू लागली, लोकांना ते रुचलं नाही. सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये पाच दिवसांचं चक्र सुरू केलं. कामगारांचे पाच रंगांचे गट पाडले, दर गटाची सुट्टी वेगळ्या दिवशी. यंत्रं रोज चालू राहावीत हा हेतू. पण नवरा पिवळ्या गटात आणि बायको हिरव्या गटात असेल, तर त्या घराला एकत्र सुट्टीच मिळायची नाही. 1931 मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि 1940 मध्ये पुन्हा सातावर आले.

शेवटचा मोठा प्रयत्न 1950 च्या दशकातला. 365 दिवसांतून 52 आठवडे काढले की एक दिवस उरतो. त्याला कुठलाच वार द्यायचा नाही, म्हणजे दरवर्षी तीच तारीख त्याच वारी येईल, अशी ती जागतिक कॅलेंडरची योजना. भारतानेही ती संयुक्त राष्ट्रसंघात लावून धरली होती. हिशेबाला सोयीची होती, यात शंका नाही. पण त्या एका बिनवारी दिवसाने अखंड मोजणी तुटली असती. ज्यांचा विसाव्याचा किंवा प्रार्थनेचा दिवस दर सातवा, त्यांचा वार दरवर्षी एकेक दिवस सरकला असता. विरोध झाला आणि योजना बारगळली. माझ्या मते ते योग्यच झालं.