गाइडचा एच-इंडेक्स आणि मुलीची पाच वर्षं

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी झाली, नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली. तिला एपिजेनेटिक्समध्ये (डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात, त्याचा अभ्यास) पीएच.डी. करायची आहे. मी सहा गाइडचे पेपर, सायटेशन (त्या पेपरांचे इतर पेपरांत आलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स काढून तक्ता केला, सोबत जोडला आहे. पहिल्या क्रमांकावरच्या सरांचा एच-इंडेक्स ४८, वय ६१. ती मात्र ९ वाल्या तरुण मॅडमकडेच जायचं म्हणते. आणखी गेट ही प्रवेश परीक्षाही द्यावी का? या विषयात आपल्याकडे काही चालतं का? शिवाय ती चोवीसची झाली, लग्नाचंही बघायचं आहे. तिला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात सहा गाइडची साग्रसंगीत माहिती आहे. मुलीचं म्हणणं मात्र ‘ती म्हणते’ एवढ्यावर आटोपलंय. का म्हणते, ते कुठेच नाही. विचारलंत का तिला? तुमचा तक्ता बघून मला वधू-वर सूचक मंडळाची यादी आठवली : उंची, पगार, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. आणि लग्नाचं वाक्य तुम्ही ‘शिवाय’ म्हणून शेवटी घातलंय, पण मला तर तेच मुख्य वाटलं. मोठ्या सरांचं नाव बायोडेटात शोभून दिसेल असा हिशेब असेल, तर तो कृपया मनातच ठेवा. जी मुलगी स्वतःच्या बळावर जेआरएफ काढते, तिला मी काय समजवायचं? दरमहा ३७,००० रुपयांची फेलोशिप तिची, पाच वर्षंही तिची.

गेटचं विचारलंत : गरज नाही. फेलोशिप हातात आहे, संस्थेची मुलाखत तेवढी बाकी.

आता तो ४८. एच-इंडेक्स हे माप २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं. ४८ म्हणजे त्या व्यक्तीचे किमान ४८ पेपर असे, की प्रत्येकाचा नंतरच्या पेपरांत किमान ४८ वेळा संदर्भ आलाय. हा आकडा एकदा चढला की उतरत नाही, वयाबरोबर वाढतच जातो. एकसष्टीच्या सरांची आणि नुकतीच लॅब उभी केलेल्या मॅडमची त्यावरून तुलना केली, तर कळतं ते एवढंच, की कोण आधी नोकरीला लागलं. दुसरं म्हणजे सायटेशन ही शाबासकी नसते. जगात सर्वाधिक सायटेशन असलेला शोधनिबंध लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. त्यात प्रथिनं मोजायची एक पद्धत आहे. ज्यांनी ती वापरली त्यांनी संदर्भ दिला, तीन लाखांहून अधिक वेळा. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. सायटेशन त्यालाही भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी तो कसा चुकीचा होता हे सांगणारी! एपिजेनेटिक्समध्येच बघा. एड्रियन बर्ड यांच्या गटाने १९९२ मध्ये एमईसीपी२ हे प्रथिन शोधलं. डीएनएवर जिथे मिथाइल गट (एक छोटी रासायनिक खूण) असतो तिथे ते जाऊन चिकटतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाने मुलींना रेट सिंड्रोम हा मेंदूचा गंभीर आजार होतो, हे १९९९ मध्ये हुदा झोग्बी यांच्या गटाने दाखवलं. आणि २००७ मध्ये बर्ड यांच्याच लॅबने दाखवलं की उंदरांमध्ये ही लक्षणं बऱ्याच अंशी मागे फिरवता येतात. १९९३ साली नुसती सायटेशन मोजणाऱ्याला यातलं काय दिसलं असतं?

त्यापेक्षा दोघांचे गेल्या काही वर्षांतले पेपर उघडा. खरं तर तुम्ही नको, तिलाच उघडू द्या. जीवशास्त्रात साधारणपणे पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. पहिल्या जागी त्यांचे स्वतःचे विद्यार्थी आहेत का? की गाइडचंच नाव वीस जणांच्या मधोमध कुठेतरी आहे? जुने विद्यार्थी किती वर्षांत सुटले, आता कुठे आहेत? हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावं, आणि गाइड खोलीत नसताना.

मॅडमकडे जायचं तिचं कारण पुढच्या उदाहरणात असेल असा माझा कयास आहे. मिथिलेशन, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट कुठे आहेत ते, तपासताना त्यावर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. मिथाइल नसलेलं सायटोसिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) त्यात बदलतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. पण प्रक्रिया अर्धवट झाली, तर जिथे मिथिलेशन नाही तिथेही ते दिसायला लागतं. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला शोध लागला. त्या दिवशी शेजारी उभं राहून ‘आधी कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) दाखव’ म्हणणारं कुणीतरी लागतं. मोठ्या लॅबमध्ये ते काम पोस्टडॉक (पीएच.डी. झालेला संशोधक) करतो, असला तर. तरुण गाइड बहुधा स्वतः करते, कारण तिचीही नोकरी त्या निकालावर टिकायची असते.

आपल्याकडे काय चालतं म्हणता? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवलाय. जन्मतः वजनाने कमी, पण अंगात चरबी जास्त अशी बाळं, आणि आईच्या शरीरात बी-१२ ची कमतरता. गर्भातल्या पोषणाचा डीएनएच्या मिथिलेशनवर काय परिणाम होतो, हा प्रश्न तिथे थेट तुमच्या-माझ्या घरांत येऊन पोचतो. सांगलीच्या मुलीला या विषयात रस वाटला, तर त्यात नवल ते काय?

आणि एक रकाना तुमच्या तक्त्यात राहूनच गेला : निवृत्तीचं वर्ष. सर ६१ चे आहेत, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. गाइड मध्येच निवृत्त झाला तर सहमार्गदर्शक कोण, लॅबमधली जागा आणि निधी कुणाकडे जातो, याचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. सरांचा विचार अजूनही करायचाच असेल, तर मुलीने संस्थेच्या पीएच.डी. विभागाला हे ईमेलने विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.