वाचकांचे प्रश्न : शाहिरीच्या शिबिराला जाताना

परीक्षा संपत आल्या की शाहिरी आणि लोकगीतांच्या उन्हाळी शिबिरांची पत्रके दिसू लागतात आणि पाठोपाठ या सदराकडे पत्रे येतात. या खेपेस निवडलेले चारही प्रश्न अशा शिबिरात गाणे रचण्याविषयी व ते उभे राहून सादर करण्याविषयी आहेत. उत्तरे देणाऱ्याने फडातील पहिली सहा वर्षे झीलकरी म्हणून, म्हणजे मुख्य शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी जी’ची साथ देत, काढली असल्यामुळे उत्तरांचा कल त्या बाजूला झुकलेला आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय त्रेचाळीस. कविता लिहिते, गळा साधारण आहे आणि मंचावर कधी गायलेले नाही. दहा दिवसांच्या निवासी शाहिरी शिबिराला माझ्यासारखीने जावे का, आणि शुल्क भरण्यापूर्वी कोणती चौकशी करावी?

उत्तर : अवश्य जावे. गळा साधारण असणे ही शाहिरीत अडचण नाही, कारण शाहीर एकटा गात नाही. होनाजी बाळा हे नाव आपण एका माणसाचे असल्यासारखे उच्चारतो, परंतु ती दोन माणसे होती : होनाजी शिलारखाने लावण्या रचत असे आणि बाळा कारंजकर त्या गात असे. लिहिणाऱ्याने स्वतःच गायले पाहिजे, हा आग्रह बराच अलीकडचा आहे. आपण शिबिरात जाऊन चांगल्या गळ्याचा एखादा जोडीदार शोधलात, तरी दहा दिवस सार्थकी लागतील.

तथापि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. मी पहिल्यांदा अशा शिबिराला गेलो तेव्हा अकरा चौकांचा (कडव्यांचा) पोवाडा वहीत लिहून नेला होता. पहिल्याच संध्याकाळी तो वाचून दाखवण्याची मला घाई झाली होती. तेथील जुन्या शाहिरांनी वही हातात घेतली, न उघडता पेटीवर ठेवली आणि माझ्या हातात तुणतुणे दिले. चार दिवस मी त्या एका तारेवर बोट मारत, मुख्य शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी जी’ म्हणत होतो, आणि मनातून अतिशय चिडलो होतो. पाचव्या दिवशी वही उघडली, तेव्हा माझ्या एकाही ओळीत झीलकऱ्याला तोंड उघडायला जागा ठेवलेली नाही, हे मला कोणी न सांगता कळले. म्हणून आपल्याला झिलीत उभे केले तर तो अपमान समजू नये. पोवाडा आतून कसा बांधलेला असतो, हे तेथूनच दिसते.

चौकशीविषयी : शिबिरार्थी किती, आणि डफ व ढोलकी किती, हे प्रथम विचारावे. साठ मुलांमागे एक ढोलकी असलेले शिबिर मी पाहिले आहे. तेथे बाकीचे एकोणसाठ जण टाळ्याच वाजवत होते आणि शेवटच्या दिवशी सर्वांना प्रमाणपत्र मिळाले. शिकवणारे प्रत्यक्ष फडात, कलापथकात किंवा जागरण-गोंधळात उभे राहिलेले आहेत का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. रोज रचनेसाठी वेगळा वेळ आहे, की केवळ बसवलेली गाणी पाठ करून घेतात, हेही विचारावे, कारण पत्रकावर ‘गीतलेखन’ हा शब्द असतो आणि प्रत्यक्षात पुष्कळदा तो पत्रकावरच राहतो. राज्य शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरे भरवत असते. त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

प्रश्न : मागच्या वर्षी एका शिबिरात मी पाणीटंचाईवर पोवाडा लिहिला. पहिली ओळ अशी होती : ‘जलसंकटाच्या भीषण छायेत होरपळले अवघे जनजीवन’. गुरुजी म्हणाले, ‘हे भाषण आहे, गाणे नाही.’ नेमके काय चुकले, हे त्यांनी सांगितले नाही. कृपया आपण सांगावे.

उत्तर : गुरुजींचे म्हणणे खरे आहे, परंतु ते तेवढ्यावर थांबले, हे बरे केले नाही. आपली ओळ टाळी देत मोठ्याने म्हणून पाहा. टाळी कोठे द्यावी हे ठरवता येत नाही, श्वास घ्यायला जागा सापडत नाही, आणि शेवटचा शब्द ‘जनजीवन’ असल्यामुळे अखेरीस सूर लांबवायला दीर्घ स्वरही उरत नाही. अर्थाची अडचण आणखी वेगळी. ‘जलसंकट’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि सरकारी बैठकीत राहतो. हंडा घेऊन उभी असलेली बाई तो वापरत नाही.

आता याच विषयावरची ही साधी ओळ पाहा :

विहिर आटली, आड आटला, सुकली नदिची धार

मात्रा मोजल्या तर ‘विहिर आटली’ आठ, ‘आड आटला’ आठ, ‘सुकली नदिची’ आठ, आणि ‘धार’ तीन. ढोलकीवर केरवा चालू असेल तर त्याचे आवर्तन आठ मात्रांचे असते, म्हणजे पहिली तीन आवर्तने शब्दांनी पुरती भरली आणि चौथ्यात तीन मात्रा वापरून पाच मोकळ्या राहिल्या. त्या पाच मात्रा वाया गेलेल्या नाहीत. त्या झीलकऱ्यांच्या आहेत. ‘जी र जी’ या तीन अक्षरांच्या बरोबर पाच मात्रा होतात, आणि तेवढ्या वेळात मुख्य शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, श्रोत्यांकडे पाहतो. नवखा कवी ही मोकळी जागा पाहून घाबरतो आणि तेथे ‘निराधार’ किंवा ‘सारी’ असला एखादा शब्द कोंबतो. ओळ तेथेच गुदमरते.

येथे ‘विहीर’ आणि ‘नदीची’ हे शब्द ऱ्हस्व लिहिले आहेत, हे आपल्यातील शिक्षकांना खटकेल. व्याकरणाने ते चूक आहेत, परंतु दीर्घ लिहिले तर दोन्ही ठिकाणी एकेक मात्रा वाढते आणि गाणारा ती गिळणारच असतो. गाण्याच्या वहीत जसे गायचे तसे लिहावे; छापायला देताना शुद्ध करावे.

सगळेच शाहिरी चालीत बसवले पाहिजे असेही नाही. हाच विषय अभंगाच्या मापात घातला तर वेगळा बोलतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक येते :

टँकर येणार । हंडे रस्त्यावर ।
ऊन डोक्यावर । पाणी कुठे ॥

येथे मात्रा मोजायच्या नसून अक्षरे मोजायची आहेत, त्यामुळे नवीन लिहिणाऱ्याला हे माप लवकर हाताशी येते. पोवाड्याला मात्र घटना लागते, आणि आपल्या ओळीतील मूळ उणीव मला वाटते तेथे आहे. अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा पोवाडा शिवकाळापासून चालत आला आहे, तो शौर्याच्या विशेषणांमुळे नव्हे; कोण कोठून निघाले, कोठे थांबले, भेटीत काय घडले, हे त्यात क्रमाने सांगितले आहे म्हणून. आपल्या गावात टँकर कोणत्या वारी आला, किती वाजता आला, किती घरांना पुरला आणि कोणाचा हंडा रिकामा राहिला, एवढे चार चौकांत सांगा. ‘भीषण’ हा शब्द ऐकणारा स्वतःच म्हणेल.

प्रश्न : शिबिरात आम्ही गटाने पठ्ठे बापूरावांच्या एका लावणीच्या चालीवर आणि अण्णा भाऊ साठे यांच्या एका गीताच्या चालीवर नवे शब्द बसवले, तसेच आजीकडून ऐकलेल्या काही ओव्या गायल्या. याचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकले तर कायद्याची अडचण येईल का?

उत्तर : तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. 1957 च्या प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे रचनेवर हक्क राहतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. पठ्ठे बापूराव 1945 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या रचना 2005 अखेर मुक्त झाल्या. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही 1969 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या रचनांवरील हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले, तेथे तर 2064 अखेरपर्यंत थांबावे लागेल. शब्द नवे घातले तरी चाल कोणाची आहे हा प्रश्न उरतोच. चाल पारंपरिक असेल तर हरकत नाही. ती एखाद्या ज्ञात रचनाकाराने बांधलेली असेल तर त्यावरही हाच हिशेब लागतो. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क याहून निराळा असतो, त्यामुळे जुन्या तबकडीवरचा ठेका किंवा संगीताचा तुकडा उचलून मागे वाजवणे टाळावे. चित्रण सार्वजनिक करण्यापूर्वी शिबिराच्या आयोजकांना विचारावे आणि अडचणीचे गाणे वगळावे, हा सोपा मार्ग आहे.

ओव्यांचा मूळ रचनाकार ज्ञात नसतो, म्हणून कायद्याची आडकाठी सहसा येत नाही. तरीही मी एक आग्रह धरीन. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करत जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या, तेव्हा ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नावही नोंदवण्याची शिस्त त्या कामात पाळली गेली. आपण तेवढेच करा. चित्रणाखाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळे होऊ नका. आजीची परवानगी घेऊन तिचे आणि तिच्या गावाचे नाव लिहा, आणि ओवी तिने कोणाकडून घेतली हे तिला आठवत असेल तर तेही.

प्रश्न : गेल्या शिबिरात तिसऱ्याच दिवशी माझा आवाज बसला, आणि समारोपाला चारच मिनिटे मिळाल्यामुळे नऊ चौकांचा पोवाडा ऐन वेळी कसाबसा कापावा लागला. यंदा दोन्ही गोष्टी टाळायच्या आहेत.

उत्तर : आवाजाचे पहिले कारण बहुधा पट्टी असते. शाहिरी वरच्या पट्टीत, खड्या आवाजात गातात, आणि शिबिरात सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावले की कोणाचा तरी गळा ओढला जातो. आपली पट्टी पहिल्याच दिवशी पेटीवर तपासून घ्यावी आणि ती दोन स्वर खाली असली तर स्पष्ट सांगावे. दुसरे कारण म्हणजे रात्रीच्या गप्पा. दिवसभर गायलेल्या गळ्याने अंगणात बसून दोन वाजेपर्यंत आरडाओरड केली तर सकाळी तो साथ देत नाही. घोट-घोट पाणी पीत राहावे, तालमीच्या वेळी निम्म्या आवाजात गावे. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर काढ्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. याच कलमात डफाचेही सांगतो : त्याचे कातडे ओल धरले की आवाज बसतो, म्हणून कार्यक्रमाआधी तो उन्हात किंवा शेकोटीजवळ ताववतात. उन्हाळ्यात गच्चीवर पाच मिनिटे पुरतात. दुपारभर विसरलात तर कातडे फाटेल.

आता कापण्याविषयी. चार मिनिटांत झिलीसकट तीन, फार तर चार चौक बसतात, आणि ते घरीच ठरवून न्यावेत. नमन दोन ओळींचे ठेवावे. त्यानंतरचा, परिस्थितीचे वर्णन करणारा चौक बहुतेकांना प्राणाहून प्रिय असतो आणि तोच प्रथम काढावा. श्रोत्यांना तो माहीत असतो, कारण ते त्याच परिस्थितीतून उठून आलेले असतात. ज्या चौकात काहीतरी घडते तो अखंड ठेवावा आणि त्याच्या अगदी आधीचा एक चौक गद्यात, डफावर हलकी थाप चालू ठेवून, बोलून टाकावा. गायनात पाऊण मिनिट खाणारा मजकूर बोलण्यात पंधरा सेकंदांत आटोपतो, आणि पोवाड्यात गाण्याच्या मध्ये असे बोलणे येतच असते, त्यामुळे ते तडजोड वाटत नाही.

शेवटच्या ओळीतील नाममुद्रा मात्र कापू नये. राम जोशी आपल्या लावण्यांत ‘कविराय’ म्हणून सही ठेवत असत. आपण आपले नाव, गाव किंवा आपल्या गटाचे नाव घालावे, आणि ते मात्रांत बसत नसेल तर शिबिराला निघण्यापूर्वीच दोन-चार पर्याय टाळीवर म्हणून पाहावेत. मंचावर उभे राहिल्यावर स्वतःचे आडनाव आठ मात्रांत बसवत बसण्याची वेळ माझ्यावर एकदा आली आहे. झीलकऱ्यांनी तेव्हा तीन वेळा ‘जी र जी’ म्हणून मला वाचवले.