टॅक्सची फ्रँचायझी घ्यायची, पण सही कुणाची?

नोकरी जाऊन तीन-चार महिने झाले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता दुसऱ्याची चाकरी बास. स्वतःचं काहीतरी करू." मी न्यू जर्सीत मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करते. २०२२-२३ मध्ये आयटीत कपातीची लाट आली तेव्हापासून हे वाक्य माझ्या खोलीत इतक्या जणांनी उच्चारलंय की आता त्याचा दुसरा भाग मला आधीच कळतो. कुणी सँडविचचं दुकान म्हणतं, कुणी मुलांचे गणिताचे क्लास. आणि बरेच जण म्हणतात, टॅक्स प्रिपरेशनची फ्रँचायझी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाटीखाली लोकांची टॅक्स रिटर्न भरून देण्याचं ऑफिस.

ही शेवटची कल्पना आपल्या लोकांना फार भावते. आकडेमोडीचं काम, टेबल-खुर्ची, तळणाचा वास नाही, रात्री बारापर्यंत गल्ला सांभाळणं नाही. "टॅक्स तर प्रत्येकाला भरावाच लागतो ना, ताई! मंदी असो की तेजी." आणि मग दोन दिवसांनी जोडीदाराचा वेगळा फोन. "हा घरावर कर्ज काढायला निघालाय. थांबवू की साथ देऊ?"

गुंतवणुकीचा सल्ला मी देत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण पैशाचा निर्णय फक्त पैशाचा असता तर या घरांना माझी गरजच पडली नसती.

नितीन आणि स्मिता (नावं, तपशील बदललेत, दोन-तीन कुटुंबांच्या गोष्टी इथे एकात मिसळल्यात) आले तेव्हा नितीनच्या हातात छापील एक्सेल शीट होतं. वय ५१, प्रोजेक्ट मॅनेजर, तीन वर्षांत दुसऱ्यांदा ले-ऑफ. स्मिता एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये. घर दोघांच्या नावावर, आणि त्या घरावरच्या होम इक्विटी लाइनमधून ८० हजार डॉलर उचलायचे ठरत होतं. "ठरत होतं" म्हणजे नितीनने ठरवलं होतं. स्मिता पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

शीट देखणं होतं. वर्षाला ७०० रिटर्न, प्रत्येकी २२० डॉलर फी, खाली नफ्याचा हिरवा चौकोन.

"७०० कुठून आले?"

"कंपनीचा माणूस म्हणाला. त्यांचं सरासरी ऑफिस एवढं करतं."

"लेखी?"

"फोनवर."

"तुमच्या घरचा टॅक्स कोण भरतं?"

"मीच. सॉफ्टवेअरवर."

"पैसे देऊन शेवटचा कधी भरून घेतला होता?"

नितीन हसला. अमेरिकेत आल्यापासून एकदाही नाही. त्याच्या मित्रांपैकीही जवळजवळ कुणीच नाही. मंडळातली माणसं येतील याची त्याला खात्री होती. मलाही होती. फक्त ती "जरा नजर टाक रे" म्हणत येतील आणि जाताना चिवड्याचा डबा ठेवून जातील, एवढाच फरक.

मग मी विचारलं, "जूनचं भाडं कुठल्या रकान्यात आहे?"

त्याने शीट उलटंसुलटं केलं. रकाने चारच होते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.

इथे थोडं थांबते, कारण या धंद्याची सगळी गोम याच जागी आहे. जानेवारीच्या अखेरीस आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) रिटर्न घ्यायला लागते, १५ एप्रिलला मुदत संपते. अकरा-बारा आठवड्यांची सुगी आणि बारा महिन्यांचं भाडं. त्या सुगीतही दोनच भर असतात. रिफंडची घाई असलेली माणसं सुरुवातीला येतात आणि उशीर करणारी एप्रिलमध्ये. मधला मार्च बराचसा सुना. शिवाय २०१५च्या कायद्याने अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाई असलेल्यांना मिळणारी करसवलत) घेणाऱ्यांचा रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखून धरला जातो, आणि रस्त्यावरच्या ऑफिसात येणाऱ्या गिऱ्हाइकांत ही मंडळी मोठ्या संख्येने असतात. ही सवलत त्यांना खरंच लागू होते का, याच्या चौकशीची जबाबदारी प्रत्येक रिटर्नमागे ते तयार करणाऱ्यावर असते. त्या चौकशीचा फॉर्म ८८६७ नीट भरला नाही तर एकेका चुकीला ५०० डॉलरहून जास्त दंड. दुसरीकडे २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा हिशेब न देता मिळणारी ठराविक वजावट) जवळजवळ दुप्पट झालं, विवाहितांना १२,७०० वरून २४,००० डॉलर. त्यामुळे असंख्य घरांचं रिटर्न इतकं सोपं झालं की ते नितीनसारखेच घरी बसून भरतात.

नितीनला मी दुसरं शीट करायला सांगितलं. बारा रकाने आणि ७०० च्या निम्मे रिटर्न. तो इमानदार माणूस, करून आणलं. ३५० रिटर्न, २२० डॉलरने ७७ हजार. त्यातून रॉयल्टी, म्हणजे कंपनीचा वाटा, १४ टक्के आणि जाहिरातीचे ५ टक्के, म्हणजे १४,६३०. ही कपात एकूण वसुलीवर असते, नफा होवो न होवो. भाडं ३० हजार, सीझनपुरत्या दोन माणसांचा पगार २२ हजार, विमा-वीज-इंटरनेट-पत्रकं १० हजार, कर्जाचे हप्ते १२ हजार. बेरीज ८८,६३०. साडेअकरा हजारांवर तोटा, आणि नितीनचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

"पहिलं वर्ष तर असंच जाणार," तो म्हणाला.

"जाईल. पण सगळं बुडालं तर किती बुडेल?"

"८० हजार."

प्रत्येक घर मला कर्जाचा आकडाच सांगतं. जागेचा करार पाच वर्षांचा होता आणि जागामालकाने वैयक्तिक हमी मागितली होती. ३० हजार गुणिले पाच, दीड लाख. दुकान दुसऱ्या वर्षी बंद केलं तरी दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत मीटर चालूच. शिवाय करारातली किमान रॉयल्टी. म्हणजे बोलायचा आकडा दोन लाख तीस हजार डॉलर, वर थोडेफार.

स्मिताने टोपण टेबलावर ठेवलं.

"हमीवर सही कुणाची?" तिने विचारलं.

"दोघांची लागेल. घर दोघांचं आहे ना."

"मग आकडा तू एकट्याने कसा ठरवलास?"

नितीन म्हणाला, "अगं, तू नको म्हणाली नाहीस."

"तुला मान खाली घालून बसलेला बघवत नव्हतं म्हणून."

या दोन वाक्यांपर्यंत पोहोचायला बरीच सत्रं लागली होती. इथे मी ती गाळली आहेत. स्मिताचं गप्प बसणं घरात होकार म्हणून चालत होतं. नवरा खचलाय, त्याचा उत्साह मारायला नको, या मायेपोटी ती गप्प. आणि बायको सोबत आहे या समजुतीवर तो पुढे पुढे. अशी जोडपी मी खूप पाहते. भांडणाऱ्यांपेक्षा त्यांची मला जास्त काळजी वाटते.

पण मूळ गाठ नितीनची होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक. माणसाला घटनेपेक्षा घटनेभोवतीचा त्याचा हट्ट जास्त पिळतो, असं मी मानते आणि त्या हट्टापर्यंत जाऊन पोहोचण्याची घाई मला कधीच नसते. त्या दिवशी पोहोचलो.

"फ्रँचायझी नाही घेतली तर काय होईल?"

"परत इंटरव्ह्यू. तिशीतली पोरं समोर बसणार. मी हे पुन्हा सहनच करू शकत नाही."

"सहन करायची वेळ आली, तर काय होईल?"

"लाज वाटेल."

"वाटली. मग?"

बराच वेळ गेला. "वाटेल," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी येईन. जेवीन."

"मग ती लाज वाटू नये म्हणून तुम्ही दोन लाख तीस हजार डॉलर मोजताय. ती तेवढ्याची आहे का?"

तो आधी चिडला. मग स्मिताकडे बघून हसायला लागला, डोळ्यांत पाणी असताना. "महाग पडली गं," म्हणाला. समुपदेशकाच्या कामात असे क्षण मोजकेच मिळतात आणि ते आपोआप येत नाहीत, एवढं मी न लाजता सांगते.

मला त्यातून उमगलेलं असं. ले-ऑफ झालेल्या माणसाला फ्रँचायझी धंदा म्हणून विकली जात नाही, निश्चिती म्हणून विकली जाते. तयार पाटी, तयार सॉफ्टवेअर, ट्रेनिंग, "आम्ही आहोत ना पाठीशी". ज्याचा आयुष्यावरचा विश्वास नुकताच हललाय त्याला हेच हवं असतं. पण पाटी त्यांची असली तरी भाड्याची हमी, कर्ज आणि दंड तुमचे. आणि सोडताना कळतं की गिऱ्हाइकांच्या फाइली आणि फोन नंबरही कंपनीचेच. अशा करारांत पंचवीस मैलांच्या आत दोन वर्षं हाच धंदा करायचा नाही, अशी अटही सर्रास असते. म्हणजे शिकलेलं कामही तुमच्याकडे राहत नाही.

मन थोडं मोकळं झालं की मग कागद वाचता येतात. त्याआधी दिलेला कागद माणूस फक्त चाळतो.

फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमानुसार करारावर सही किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस कंपनीने तुम्हाला डिस्क्लोजर डॉक्युमेंट (फ्रँचायझीची सगळी माहिती उघड करणारा दस्तऐवज) द्यावंच लागतं. त्यात २३ आयटम असतात. सगळे वाचा, पण जोडीदाराशेजारी बसून वाचायचे ते तीन. आयटम ७ मध्ये सुरुवातीचा खर्च असतो. त्यातला खेळता पैसा बऱ्याचदा तीनच महिन्यांचा धरलेला असतो. टॅक्सच्या धंद्यात ते तीन महिने नेमके कमाईचे, पुढचे नऊ तुम्ही मोजायचे. आयटम १९ मध्ये कमाईचे आकडे. ते देणं कंपनीला सक्तीचं नाही, पण फोनवर विक्रेता जो आकडा सांगतो तो तिथे नसेल तर त्याने तो सांगायलाच नको होता. असेल तर बघा, त्या सरासरीत दहा वर्षं जुनी ऑफिसं किती आणि पहिल्या वर्षातली किती. नितीनचे ७०० अशाच सरासरीतले निघाले. आणि आयटम २०: किती ऑफिसं उघडली, किती बंद झाली, किती हात बदलली. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्कही त्यातच.

विक्रेत्याने नितीनला तीन फोन नंबर दिले होते, तिघेही खूश. आयटम २० मधल्या यादीकडे तो फिरकला नव्हता. "सोडून गेलेले आळशी असणार." मी म्हटलं, मग एका आळशी माणसाशी बोलायला काय हरकत आहे? त्याने दोघांना फोन केला. एकाने बोलायला नकार दिला (काहींनी न बोलण्याचा करारच केलेला असतो, आणि तसे करार झालेत हेही आयटम २० मध्येच सांगावं लागतं). दुसरा तासभर बोलला. तीन सीझन त्याने सकाळी आठ ते रात्री नऊ काम केलं होतं, आणि दर उन्हाळ्यात जागामालकाला क्रेडिट कार्डावरून पैसे दिले होते. "आळशी नव्हता," नितीन मला येऊन म्हणाला.

आणखी एक मोह असतो, ४०१के, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेला पैसा, धंद्यात घालण्याचा. एजंट हे "कर्जमुक्त भांडवल" म्हणून खपवतात. अशा योजना आयआरएसने तपासल्या तेव्हा त्यातले बहुतेक धंदे बुडालेले किंवा बुडायच्या वाटेवरच दिसले. म्हातारपणाच्या पैशाला हात लावण्याआधी जोडीदाराने नुसती मान डोलवू नये, मोठ्याने आकडा म्हणावा.

नितीन-स्मिताला मी एकच गृहपाठ दिला होता: दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, किती गेले तर आपण थांबू. नितीनने लिहिलं ९० हजार. स्मिताने २५. चर्चा तिथून खरी सुरू झाली आणि ती माझ्याशिवाय, त्यांच्या स्वयंपाकघरात झाली.

त्यांनी फ्रँचायझी घेतली नाही. नितीनने पीटिन (पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्याला लागणारा आयआरएसचा नंबर) काढला, जवळच्या गावातल्या एका टॅक्स ऑफिसात एक सीझन तासाच्या पगारावर काम केलं. गिऱ्हाईक कसं येतं, रिफंड अडकला की कसं भांडतं, मार्चमध्ये खुर्च्या कशा रिकाम्या असतात, सगळं दुसऱ्याच्या भाड्यावर पाहिलं. एन्रोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला टॅक्स-तज्ज्ञ) होण्याच्या तीन पेपरांपैकी दोन झालेत. इंटरव्ह्यूही दिले, आता कॉन्ट्रॅक्टवर आहे.

म्हणजे फ्रँचायझी घेऊच नये का? माझ्याकडच्या एका दुसऱ्या जोडप्याने घेतली आहे. चालू ऑफिस, विकणाऱ्याची तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स तपासून, भाडेकराराचं एकच वर्ष उरलेलं. थांबायचा आकडा दोघांनी लिहून फ्रँचायझी वकिलाकडेही दिला. ईफिनचा (रिटर्न ऑनलाइन पाठवायला ऑफिसला लागणाऱ्या आयआरएसच्या नंबरचा) अर्ज ऑगस्टमध्येच केला, कारण ऑफिस विकत घेतलं तरी जुन्या मालकाचा ईफिन तुमच्या नावावर होत नाही आणि नव्याला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. डिसेंबरात सही करून जानेवारीत हात चोळत बसलेली माणसंही मी पाहिलीत.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे, तेही विचारतात. त्यांनी हप्ते किंवा रॉयल्टी परस्पर थांबवू नये. मोडलेला करार ही कंपनीसाठी सोयीची बाब असते. गिऱ्हाइकांच्या फाइली घरी आणू नयेत. भाड्याची हमी, कर्ज आणि फ्रँचायझीचा करार असे तिन्ही कागद घेऊन फ्रँचायझीचंच काम करणाऱ्या वकिलाला भेटावं, नातेवाइकांतल्या इमिग्रेशनवाल्याला नव्हे. आणि एकूण देणं किती, हे घरात अजून सांगितलं नसेल तर वकिलाच्या अपॉइंटमेंटच्या आधी सांगावं. हमीवर त्याची किंवा तिची सही असेल, तर तो आकडा वकिलाच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका.