फायनलीत कंटिन्यू लिहिला आणि एरर गायब!

प्रश्न: पायथनमध्ये फॉर लूपच्या आत ट्राय-फायनली आहे (ट्रायमध्ये काहीही झालं तरी शेवटी फायनली चालतं), फायनलीत कंटिन्यू (लूपच्या पुढच्या फेरीवर जा) लिहिलाय. कॉलेजच्या जुन्या मशीनवर सिंटॅक्स एरर येते, माझ्या लॅपटॉपवर चालतं, पण फाइल नसली तरी एररच दिसत नाही. असं का होतं?

उत्तर: जुन्या मशीनवर ३.८ च्या आधीचं पायथन असणार. तेव्हा कंपायलरच्या आतल्या अडचणीमुळे फायनलीत कंटिन्यू चालायचाच नाही, ब्रेक (लूपमधून बाहेर पडा) मात्र चालायचा, २०१९ला ३.८ आलं आणि ही बंदी उठली.

आता एररचं. ट्रायमध्ये एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी एरर) आलं की पायथन ते बाजूला धरून ठेवतं, फायनली पूर्ण चालवतं आणि शेवटी ते पुन्हा फेकतं, पण तुम्ही कंटिन्यू, ब्रेक किंवा रिटर्न लिहून मधूनच बाहेर पडलात की तो शेवट येतच नाही, एक्सेप्शन तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. ट्राय चालू असताना प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबलंत तर तेसुद्धा असंच गिळलं जातं, लूप थांबतच नाही, म्हणून मला हे खरंच धोक्याचं वाटतं. २०२५च्या ३.१४ पासून पायथन यावर वॉर्निंग देतं ते बरंच झालं.

कंटिन्यू एक्सेप्टमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) हलवा, तोही फक्त फाइल न सापडल्याच्या एररसाठी. फायनलीत फक्त फाइल बंद करण्यासारखी आवराआवर ठेवा.