न आवडलेले पुस्तक मिटताना

हाती घेतलेले पुस्तक संपवलेच पाहिजे, या धाकापायी अनेक नव्या वाचकांचे वाचन महिनोन्महिने एकाच पुस्तकापाशी अडून राहते, आणि तुमच्या बाबतीत तसे घडू नये असे मला मनापासून वाटते. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सुरुवातीला पुरेसा आहे: ५० पाने वाचावीत आणि मग ठरवावे, पन्नाशी ओलांडलेल्यांनी १०० मधून आपले वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत. मात्र दोन चुका टाळा.

- पुस्तक कंटाळवाणे आहे की केवळ अवघड, हे न तपासता ते मिटू नका.
- एका पुस्तकावरून लेखकालाच कायमचे बाजूला सारू नका.

सोडलेल्या पानाशी खूण ठेवा; मी अर्ध्यावर सोडलेली काही पुस्तके पुढे अनेक वर्षांनी एका बैठकीत संपवली आहेत.