मूल एकाकडे, कलमं दुसऱ्याकडे

मुंबई-गोवा महामार्गावर मोठा अपघात झाला की मृत्युपत्राबद्दल विचारायला माझ्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आम्ही दोघंही एकदम गेलो तर पोरांचं काय?" कोकणात घरटी कोणीतरी बाहेर. त्यामुळे पुढचं वाक्यही ठरलेलं, "ज्याच्यावर भरवसा, तो परदेशात आहे."

देवगडकडचं असंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा सातचा, मुलगी चारची. घर, हापूसची कलमं, थोडा विमा. आपल्यामागे मुलांचा पालक म्हणून त्याला कॅनडातला धाकटा भाऊ हवा होता, तिला कणकवलीची बहीण. पहिल्या भेटी याच वादात गेल्या.

"मेव्हणी चांगलीच आहे हो मॅडम, पण साडूंचा डोळा कलमांवर आहे."

"आणि भावोजींना बघून मुलगी रडते, ते दिसत नाही तुम्हाला?"

मी दोघांना थांबवलं. त्याला विचारलं, "ती बातमी येईल त्या रात्री मुलीला कुशीत कोण घेईल?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मावशीच."

तिला विचारलं, "आणि पैशांचा हिशेब?"

"भावोजी. एक रुपया इकडचा तिकडे व्हायचा नाही."

म्हणजे दोघांचाही दुसऱ्याच्या माणसावर विश्वास होता! दोन वेगळी कामं एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवायच्या हट्टापायी तो दिसत नव्हता. मूल आधी ओळखीचा हात धरतं, शाळा आणि देश नंतर, हे मी इतकी वर्षं मानत आले आहे. त्या दिवशी ते त्या दोघांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, याचं समाधान मला अजून आहे.

कायद्यातही याला जागा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 नुसार आईवडील मृत्युपत्राने मुलाचा आणि मालमत्तेचा पालक नेमू शकतात, दोन्हींसाठी एकच माणूस लागतो असं नाही. एक जोडीदार हयात असेल तर तोच पालक. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा, आणि नावं तीच लिहा. वेगळी लिहिलीत तर भांडण मुलांच्या वाट्याला येतं. प्रत्येक मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेतच. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. इतर धर्मीयांनी आपापला कायदा वकिलाला विचारावा.

पालक परदेशात असेल तर एक पक्कं लक्षात घ्या : मृत्युपत्रात नाव आहे म्हणून मुलांना तिकडचा व्हिसा मिळत नाही. तो त्या देशाचा निर्णय, आणि त्याला वेळ लागतो. तोवर मुलं कोणाकडे राहतील ते इथल्या माणसाचं नाव घालून लिहा. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची जमीन पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पाच वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. साडूंची धास्ती निम्मी इथेच संपली. विम्यात मुलं नॉमिनी असतील तर रक्कम स्वीकारायला अपॉइंटीही नेमा.

शेवटच्या भेटीत त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "दादा, मुलांना इकडे नेईन असं मी कधी म्हटलंच नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही." मालमत्तेची जबाबदारी त्याने घेतली, पण एका अटीवर : तलाठी कार्यालयातली धावपळ आणि बागेची देखरेख करायला गावातला चुलत भाऊ सोबत हवा. मुलं मावशीकडे. मृत्युपत्रं त्याच महिन्यात झाली. मुलगी शाळेत जायला लागली की मृत्युपत्रं पुन्हा वाचायची, हे मुलांच्या आईनेच सुचवलं.