कार्ड पाकिटात, सही कुणाची?

अवयवदानावरचं माझं व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मी डोनर कार्ड भरलंय. मग वेळ आल्यावर घरच्यांना विचारायचं कारणच काय? शरीर माझं, सही माझी." विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि मुलांवर थोडे रुसलेले. त्यांच्यापुढे मी कलमं वाचत नाही, एका पाकिटाची गोष्ट सांगते. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

तेव्हा मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर होते, म्हणजे अवयवदानाबाबत घरच्यांशी बोलणारी. पेशंट चाळिशीतला, चाकणकडच्या कारखान्यात सुपरवायझर. घरी परतताना टेम्पोने मोटारसायकलला मागून उडवलं, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रेन डेडची, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलंय का याची, पहिली तपासणी झाली. ती एकदा करून भागत नाही, किमान 6 तासांनी पुन्हा करावी लागते. मग चार डॉक्टर फॉर्म 10 वर सह्या करतात: हॉस्पिटलचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मेंदूचे तज्ज्ञ आणि सरकारमान्य यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ. अवयव बसवणाऱ्या टीममधला एकही त्यात चालत नाही. त्या मधल्या 6 तासांत मी अवयवदानाचं अवाक्षर काढत नाही. बसते, चहा मागवते, कुणी जेवलं नसेल तर डबा पुढे सरकवते.

रात्री साडेनऊच्या सुमारास दुसरी तपासणी पूर्ण झाली. डॉक्टरांनी सांगितलं. आई काचेतून बघत म्हणाल्या, "छाती हलतीया की रे अजून." ती मशिनने हलत होती, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. हृदयाला चालायला मेंदूचा हुकूम लागत नाही, प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. श्वासाला मात्र मेंदू लागतो. मशिन काढून बघितलं होतं, श्वासाची हालचाल आली नव्हती.

तेवढ्यात एकोणीस वर्षांच्या मुलीने वडिलांचं पाकीट उघडलं आणि लॅमिनेट केलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. मागे घडी घातलेली फॉर्म 7 ची, म्हणजे जिवंतपणी द्यायच्या लेखी संमतीची, झेरॉक्स. गणपतीत मंडळाने शिबिर घेतलं होतं, तिथे भरलेला.

बायकोला हे ठाऊक होतं. "दोनदा बोलले होते माझ्याकडे," ती म्हणाली. थोरल्या भावाला ठाऊक नव्हतं, आईला तर नाहीच. आणि मामा उठून उभे राहिले. "देहदान? म्हंजे अग्नी द्यायला काय उरणार आमच्या हातात?"

हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की मी आता चिडत नाही. देहदान म्हणजे अख्खा देह वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. त्याचा कायदा वेगळा, 1949 चा शरीररचनाशास्त्र कायदा, आणि ज्याचं पोस्टमॉर्टेम व्हायचंय तो देह ते सहसा घेतच नाहीत. अवयवदानात लागतील ते अवयव काढून, टाके घालून, देह घरच्यांच्या ताब्यात देतात. सगळे विधी करता येतात. मामा खाली बसले, पण नजर माझ्यावरच.

आता त्या झेरॉक्सबद्दल. अवयवदानाचा कायदा 1994 चा, महाराष्ट्रात लागू झाला 4 फेब्रुवारी 1995 पासून. तो म्हणतो, जिवंतपणी लेखी संमती द्यायची तर किमान दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. अशी संमती असेल आणि ती नंतर मागे घेतल्याची शंका नसेल, तर देहाचा कायदेशीर ताबा ज्याच्याकडे, त्याने अवयव काढू द्यावेत. म्हणजे प्रश्न विचारणारे काका कागदावर बरोबरच असतात. पण या झेरॉक्सवरच्या दोन्ही सह्या मंडळातल्या मित्रांच्या होत्या. घरातलं एकही माणूस नाही. शिबिरात रांग असते, पेन फिरतं, शेजारचा सही ठोकतो. ही अट कुणी वाचतच नाही. कायद्याने नेमकं तिथेच एक दार ठेवलंय: फॉर्म भरायचा तर घरातल्या कुणाला तरी समोर बसवावं लागतं, आणि बसवलं की बोलावंच लागतं. मला ती अट फार शहाणी वाटते.

त्यामुळे आम्ही दुसऱ्या वाटेवर आलो, फॉर्म 8 च्या. मृताची पक्की लेखी संमती नाही, पण विरोधही नव्हता. अशा वेळी ताबा असलेली व्यक्ती, इथे बायको, सही देऊ शकते. मात्र जवळच्या एकाही नातेवाइकाची हरकत नसावी. जवळचे म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊबहीण, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडं. या यादीत मामा नाही. पण आपल्याकडे मामाला डावलून कोण सही करील? आणि भाऊ तर यादीत होताच.

भाऊ मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला. मला वाटलं, पुढच्या जन्माचं काही बोलेल. तो म्हणाला, "ताई, केस चालू आहे. उद्या टेम्पोवाल्याचा वकील म्हणेल, अवयव काढले म्हणून मेला. माझ्या वहिनीला क्लेम कोण देणार?"

इतका रोखठोक प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मृत्यूची वेळ म्हणून दुसऱ्या तपासणीची वेळ नोंदतात, हे मी त्याला फॉर्म 10 वर दाखवलं. अवयव काढायचे ते त्यानंतर. आणि 2014 च्या नियमांत पोलीस केससाठी स्वतंत्र नियम आहे. हॉस्पिटल पोलिसांना लेखी विनंती करतं, त्याची प्रत पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांना जाते. मृत्यूचं कारण ठरवण्यात बाधा येणार नाही हे बघावं लागतं. काढलेल्या अवयवांचा अहवाल पोस्टमॉर्टेमच्या कागदांत लागतो, आणि शक्य असेल तर ते डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहतात, ऑफिसची वेळ संपली असली तरी. माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. त्याने तपास अधिकाऱ्याला फोन लावला, पाच मिनिटं बोलला, मग विचारलं, "आणि बिल?"

तोवरच्या उपचारांचं बिल द्यावं लागतं, ते मी लपवलं नाही. संमतीनंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा, नेण्याचा खर्च मात्र घरच्यांकडून घेता येत नाही. एका नातेवाइकाने हळूच "काही मिळतं का" असंही विचारलं. नाही. अवयवाचे पैसे देणं-घेणं हा 5 ते 10 वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, वर 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. अवयव कुणाला जाणार हे पुण्याची विभागीय समिती प्रतीक्षा यादीवरून ठरवते. नाव ना देणाऱ्याला कळतं, ना घेणाऱ्याला.

आईंना मी काही पटवलं नाही. भाऊ त्यांच्या पायाशी बसला, काय बोलला ते मी ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "डोळं नको. बाकी तुमी बघा." फॉर्म 8 वर कोणते अवयव द्यायचे ते वेगवेगळं लिहिता येतं. बायकोने दोन्ही मूत्रपिंडं आणि यकृत लिहिलं, डोळे सोडले. सोडलेल्या ओळीकडे मी बघितलंही नाही. बघितलं की माणूस ओशाळून हो म्हणतो, आणि तसलं हो मला नको असतं.

पोलीस, पोस्टमॉर्टेम, ॲम्ब्युलन्स धरून देह गावी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. उशीर झाला म्हणून मामांनी मला फोनवर झाडलं, ते मी ऐकून घेतलं.

वर्षभराने त्या वहिनींचा फोन आला. स्वतःचा फॉर्म 7 भरायचा होता, साक्षीदार म्हणून थोरले दीर पुरतील का? मला हसू आलं. दीर कायद्याच्या यादीत तिचा जवळचा नातेवाईक ठरत नाही. म्हटलं, पहिली सही लेकीची घ्या, दुसरी दादांची चालेल. मागून त्यांचा आवाज आला, "डोळ्यांच्या ओळीपुढे खूण केलीय तिने, ते आईला कोण सांगणार?"

आई स्वयंपाकघरात होत्या म्हणे. फोन स्पीकरवर होता.